एका अक्षराची जागा



गेल्या वर्षी आमच्या घरी मुलगी जन्माला आली. दुसऱ्या दिवशी परिचारिकेने तिच्या टाचेला सुई टोचली आणि जाड कागदावर रक्ताचे काही थेंब घेतले. अमेरिकेत प्रत्येक नवजात बालकाची ही तपासणी होते, म्हणून आम्ही फारसा विचार केला नाही. तीन आठवड्यांनी बालरोगतज्ज्ञांनी अहवाल दाखवला. सिकलसेलच्या रकान्यात तीन अक्षरे होती : एफ, ए, एस. मुलगी निरोगी आहे, मात्र सिकलसेलची वाहक आहे, असा त्याचा अर्थ.

त्याच रात्री आम्ही नागपूरला आईला दूरध्वनी केला. आपल्या घरात हा आजार कुणाला होता का, असे विचारल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझा धाकटा काका. अकरा वर्षांचा होऊन गेला तो. थंडीत हातपाय असे दुखायचे, की रात्रभर रडत राहे पोरगं. कुणी संधिवात म्हणे, कुणी करणी. तुझी आजी मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिली. हिवाळ्यात नदीवर न्हायला नेलं होतं ना तिनं त्याला."

या सदरातून आम्ही दर महिन्याला विज्ञानातील एखादा विषय घेतो. या महिन्याचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्या घरी चालत आला. आजीच्या दुःखाचे आणि मुलीच्या अहवालातील त्या तीन अक्षरांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. ते ठिकाण समजून घ्यायचे, तर प्रथिन म्हणजे काय, ते घडी कसे घालते आणि त्याच्या रचनेचे स्तर किती, हे आधी समजून घ्यावे लागते.

पहिला स्तर : अक्षरांची ओळ

आपले रक्त लाल दिसते ते हिमोग्लोबिन या प्रथिनामुळे. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात पोहोचवायचा, हे त्याचे काम. कोणतेही प्रथिन ही मुळात एक लांब साखळी असते. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्ले. निसर्ग प्रामुख्याने वीस प्रकारची अमिनो आम्ले वापरतो. ती वीस अक्षरांची वर्णमाला समजावी. कोणत्या अक्षरानंतर कोणते अक्षर येते, तो क्रम म्हणजे प्रथिनाची प्राथमिक रचना.

प्रत्येक प्रथिनाला असा ठरलेला क्रम असतो, ही गोष्ट एके काळी स्वयंसिद्ध नव्हती. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधील ५१ अमिनो आम्लांचा क्रम एकेक करून उलगडला, तेव्हा ती सिद्ध झाली. या कामासाठी त्यांना १९५८चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात : दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा साखळीत १४१ अमिनो आम्ले आणि बीटा साखळीत १४६. चारही मिळून ५७४. बीटा साखळीचा आरंभ असा होतो : व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल. वाचकांनी यातील सहावे नाव तेवढे लक्षात ठेवावे. आमच्या काकाची गोष्ट त्या सहाव्या जागेवर घडली.

दुसरा स्तर : पीळ आणि निऱ्या

ही साखळी सुतळीसारखी सैल पडून राहत नाही. तिच्या कण्यावरील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यात ओढ असते, त्याला हायड्रोजन बंध म्हणतात. या बंधांमुळे साखळीचा काही भाग पीळ घेतो, तर काही भाग शेजारीशेजारी लागून लुगड्याच्या निऱ्यांसारखा बसतो. पिळाला अल्फा हेलिक्स म्हणतात आणि निऱ्यांच्या रचनेला बीटा पत्रक. ही झाली द्वितीयक रचना.

अल्फा हेलिक्सचा शोध लायनस पॉलिंग यांना १९४८मध्ये ऑक्सफर्ड येथे, सर्दीने अंथरुणावर पडलेले असताना लागला. त्यांनी कागदावर साखळी काढली आणि तो कागद घड्या घालून गुंडाळून पाहिला. पुढे १९५१मध्ये रॉबर्ट कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन यांच्यासह त्यांनी ही रचना प्रसिद्ध केली. या पिळाच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्ले बसतात. संख्या पूर्णांकात नसल्यामुळे अनेकांच्या हातून हे उत्तर निसटले होते.

साखळीचा कणा कोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतील, याचा नकाशा १९६३मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. आजही जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना निश्चित झाली, की ती 'रामचंद्रन आलेखा'वर तपासून पाहतात.

हिमोग्लोबिनमध्ये निऱ्या नाहीत, केवळ पीळ आहेत. बीटा साखळीत असे आठ पीळ आहेत. आपली सहावी जागा त्यांतील पहिल्या पिळाच्या आरंभी येते.

तिसरा स्तर : घडी

पीळ पडलेली साखळी पुन्हा स्वतःवर दुमडते आणि तिचा एक नेमका, आटोपशीर आकार तयार होतो. ही तृतीयक रचना. या दुमडण्यामागे मोठी प्रेरणा पाण्याची आहे. वीस अमिनो आम्लांपैकी काहींना पाण्याचा सहवास मानवतो, तर काही पाण्यापासून दूर राहतात, जसे तेल पाण्यात मिसळत नाही. साखळी घडी घालते तेव्हा पाणी टाळणारे घटक आत दडतात आणि पाण्यात रमणारे बाहेर राहतात. ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित असते, त्याला पाणी आवडते. ते बाहेरच्या पृष्ठभागावर सुखाने राहते. व्हॅलिन मात्र पाणी टाळणाऱ्यांपैकी.

ही घडी कोण शिकवते? अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत क्रिश्चन अनफिन्सेन यांनी रायबोन्युक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या प्रथिनावर प्रयोग केले. त्यांनी युरियाच्या द्रावणात त्याची घडी पूर्ण मोडली आणि त्याला बांधून ठेवणारे गंधकाचे चार बंध तोडले. मग ती रसायने काढून टाकली. प्रथिन आपोआप पुन्हा घडी घालून कामाला लागले. आठ गंधकयुक्त घटक दोन-दोन करून जोडण्याचे १०५ प्रकार संभवतात. प्रथिनाने त्यांतला नेमका एकच निवडला. घडीची माहिती अक्षरांच्या क्रमातच असते, हा त्याचा निष्कर्ष. अनफिन्सेन यांना त्यासाठी १९७२चे नोबेल मिळाले. पेशीच्या गर्दीत अनेक प्रथिनांना घडी घालताना मदतनीस प्रथिने लागतात हे खरे; पण ते मदतनीस घडीची जागा राखतात, घडी कोणती ते ठरवत नाहीत.

सायरस लेव्हिन्थाल यांनी १९६९मध्ये एक साधा हिशोब मांडला. शंभर अमिनो आम्लांच्या साखळीत प्रत्येक घटकाला तीनच पर्याय आहेत असे मानले, तरी एकूण शक्यतांचा आकडा ४८ अंकी होतो. एकेक शक्यता चाचपून पाहायची तर विश्वाचे वय अपुरे पडेल. तरीही अनेक प्रथिने सेकंदाच्या काही हजारांश भागात घडी घालतात. म्हणजे ती आंधळेपणाने चाचपत नाहीत. जवळचे जवळच्याशी जुळते आणि प्रत्येक जुळणी पुढील जुळणीची वाट सोपी करते.

चौथा स्तर : सहकार्य

अनेक प्रथिनांचे काम एका साखळीत भागते. हिमोग्लोबिनचे भागत नाही. त्याच्या चार घडी घातलेल्या साखळ्या एकत्र येऊन एक रेणू होतो. ही चतुर्थक रचना. प्रत्येक साखळीच्या कुशीत लोहाचा एक अणू असतो आणि तो प्राणवायूचा एक रेणू धरतो. पहिल्या साखळीने प्राणवायू धरला, की साऱ्या रेणूचा आकार किंचित बदलतो आणि उरलेल्यांना प्राणवायू धरणे सोपे जाते. सोडतानाही तसेच. म्हणून हिमोग्लोबिन फुप्फुसात भरभरून घेते आणि स्नायूंत मोकळ्या हाताने देते. एकट्या साखळीला हे साधत नाही.

ही रचना मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधली. काम १९३७मध्ये सुरू झाले आणि पहिली स्पष्ट आकृती दिसायला १९५९ उजाडले. मधल्या काळात, १९४०मध्ये, मूळचे ऑस्ट्रियाचे म्हणून या शास्त्रज्ञाला 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' ठरवून स्थानबद्ध केले गेले आणि जहाजाने कॅनडाला पाठवले गेले. त्याच देशाने त्यांना पुढे परत घेतले. १९६२चे नोबेल त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासह मिळाले.

सहाव्या जागेवर

१९१०मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, त्यावरून आजाराचे नाव पडले. पण पेशी अशा का होतात, हे पुढे जवळजवळ चाळीस वर्षे कुणाला कळले नाही.

ते उत्तर शोधणाऱ्यांत हार्वी इटानो होते. जपानी आईवडिलांच्या पोटी कॅलिफोर्नियात जन्मलेला हा विद्यार्थी १९४२मध्ये बर्कली विद्यापीठात सर्वप्रथम आला. पण पदवीदान समारंभाला त्याला जाता आले नाही. जपानी वंशाच्या लोकांना सरकारने छावण्यांत डांबले होते, त्यांत तोही होता. रक्तावरून संशयित ठरवल्या गेलेल्या या माणसाने पुढे रक्ताचेच कोडे सोडवले. पॉलिंग यांच्या प्रयोगशाळेत त्याने सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात सोडून पाहिले. ते निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकले. वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडले. १९४९मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि एखाद्या आजाराला 'रेणूचा आजार' म्हणण्याची ती पहिली वेळ ठरली.

नेमका फरक कुठे, हे १९५६-५७मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवले. बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. १४६ अक्षरांत एक अक्षर.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेक ठिकाणी सिकलसेल हा 'चुकीच्या घडीचा आजार' म्हणून सांगितला जातो. तसे नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या बहुतेक रुग्णांत एक अमिनो आम्ल गळते आणि प्रथिनाची घडीच नीट बसत नाही, म्हणून पेशी ते मोडीत काढते. सिकलसेलमध्ये तसे काही घडत नाही. सहावी जागा पृष्ठभागावर आहे. तेथे व्हॅलिन आले तरी पीळ पडतो, घडी बसते, चार साखळ्या एकत्र येतात, प्राणवायूही धरला जातो. चारही स्तर शाबूत असतात.

अडचण येते ती प्राणवायू सोडल्यानंतर. त्या वेळी रेणूचा आकार बदलतो आणि बीटा साखळीच्या दुसऱ्या एका भागावर एक लहानसा खळगा उघडा पडतो. तोही पाणी टाळणाऱ्या घटकांचा. एका रेणूचे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खळग्यात नेमके बसते. मग तिसरा रेणू, चौथा, दहावा. हिमोग्लोबिनच्या लांब दोऱ्या तयार होतात आणि चौदा दोऱ्यांचा एक दोरखंड वळला जातो. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. हे दोरखंड पेशीला आतून ताणतात. एरवी बारीक केशवाहिनीतून अंग चोरून जाणारी मऊ पेशी ताठर, वाकडी होते आणि वाटेत अडकते. मागून येणाऱ्या पेशीही अडकतात. पुढच्या अवयवाला रक्त मिळत नाही, तेव्हा जी कळ उठते ती आमच्या काकाच्या हातापायांत उठत होती. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची दहा ते वीस दिवस.

आमचा व्यवसाय संगणक-प्रणाली लिहिण्याचा. आमच्या क्षेत्रात अशा चुका सर्वांत अवघड मानल्या जातात. प्रणाली एकटी चालवून पाहा, प्रत्येक चाचणीत उत्तीर्ण होते. गर्दी वाढली, की कोसळते. चूक एका ओळीत असते, पण ती दिसते मात्र अनेकांच्या परस्परसंबंधात.

पाणी, थंडी आणि वेळ

हे दोरखंड प्राणवायू सुटल्याबरोबर तयार होत नाहीत. आधी काही काळ शांततेत जातो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून पार होऊन फुप्फुसाकडे परतली, तर काहीच बिघडत नाही. सारा खेळ या विलंबाचा आहे. विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी १९७४मध्ये दाखवले, की हा विलंब पेशीतील हिमोग्लोबिनच्या घनतेवर कमालीचा अवलंबून असतो, सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. या हिशोबाने घनता १० टक्क्यांनी कमी झाली, तर विलंब वीसपटीहून अधिक वाढतो.

डॉक्टर सिकलसेलच्या रुग्णाला सतत पाणी पीत राहायला का सांगतात, ते यावरून कळावे. शरीर सुकले की पेशीही सुकते आणि आतील घनता वाढते. थंडीने वाहिन्या आकसतात, पेशींचा प्रवास लांबतो. ताप, संसर्ग, उंच डोंगरावरील विरळ हवा, अतिश्रम, हे सारे त्या विलंबावर घाला घालतात. वाहकाच्या रक्तात निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन नेहमीचे असल्यामुळे दोरखंड सहसा वळले जात नाहीत. तो सामान्य आयुष्य जगतो. अत्यंत कठोर व्यायाम आणि फार उंच ठिकाणे यांबाबत तेवढी काळजी घ्यावी.

गर्भात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ती दोरखंडात नीट बसत नाही. आमच्या मुलीच्या अहवालातील 'एफ' हेच. म्हणून आजारी बाळही पहिले काही महिने निरोगी दिसते आणि म्हणूनच लक्षणांची वाट न पाहता जन्मतःच तपासणी करायची असते. रोज पेनिसिलिन दिल्याने या बालकांतील न्युमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे १९८६मधील अमेरिकन अभ्यासात दिसून आले. नवजात तपासणीला त्यातून बळ मिळाले. हायड्रॉक्सीयुरिया हे औषधही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवून काम करते. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा उपचार त्याच हिमोग्लोबिनचे बंद झालेले दार पुन्हा उघडतो. त्याची अमेरिकेतील किंमत एका रुग्णासाठी २२ लाख डॉलर आहे. विज्ञान पोहोचले म्हणजे ते सर्वांपर्यंत पोहोचले असे होत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायची गरज नाही.

रक्ताची भाषा

सिकलसेल कुणाला होतो? पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी आणि भारतात. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार येथील आदिवासींत आणि विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार समाजात, तसेच कुणबी, तेली अशा इतर समाजांतही तो आढळतो. याचे कारण जातीत नाही, हिवतापात आहे. सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या मुलाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. जेथे डास आणि हिवताप पिढ्यान्‌पिढ्या राहिले, तेथे हा जनुकही राहिला. समाजाबाहेर लग्न करायचे नाही, या जातीच्या नियमाने मात्र त्याला ठरावीक वस्त्यांत कोंडून ठेवले. जातीचा तुरुंग जनुकांनाही असतो.

या आजाराचा आणि आपल्या चळवळीचा एक धागा आहे. अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्षाने १९७१च्या सुमारास आपल्या मोफत दवाखान्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली. कृष्णवर्णीयांचा हा आजार कुणी गांभीर्याने घेत नाही, हा त्यांचा आरोप होता. १९७२मध्ये अमेरिकन सरकारला सिकलसेलविषयक राष्ट्रीय कायदा करावा लागला. त्याच वर्षी मुंबईत, त्याच पक्षाच्या नावावरून, दलित पँथरचा जन्म झाला.

पण त्याच काळातली दुसरी बाजूही आपण विसरू नये. अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सक्तीच्या तपासण्या आणल्या आणि 'वाहक' व 'रुग्ण' यांतील फरक कुणी नीट समजावला नाही. निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विमा महाग झाला, हवाई दलाच्या अकादमीत प्रवेश बंद झाला. ज्या तपासणीने माणूस वाचवायचा, तिनेच त्याच्यावर नवा शिक्का मारला.

आपल्या विवाहमेळाव्यांत आणि परदेशातील आपल्या गटांच्या स्थळसूचीत आता हा प्रश्न येतो आहे. कुणी लपवतो, कुणी कळल्यावर स्थळ मोडतो, आणि ते नेहमी मुलीकडचेच मोडते. म्हणून हिशोब स्पष्ट सांगतो. दोन्ही जोडीदार वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्हीपासून मुक्त असण्याची २५ टक्के. एकच जोडीदार वाहक असेल आणि दुसऱ्याच्या हिमोग्लोबिनमध्ये कोणताही दोष नसेल, तर कोणतेही मूल आजारी होत नाही. दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी धोका असतो. म्हणून निव्वळ विद्राव्यता चाचणीवर थांबू नये; हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावी. दोघेही वाहक असले तरी लग्न करू नये, असे विज्ञान म्हणत नाही. त्यांना गर्भजल-तपासणीसारखे मार्ग आहेत. निर्णय त्यांचा, पण तो माहितीनिशी व्हावा.

भारत सरकारने जुलै २०२३मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. तिचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. नागपुरातील आपल्या वस्त्यांनी मात्र ती दारात येण्याची वाट पाहत बसू नये.

यंत्राला काय कळते

अक्षरांच्या क्रमावरून घडी ओळखण्याचे कोडे पन्नास वर्षे अनुत्तरित होते. २०२०मध्ये अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने त्यात मोठी झेप घेतली. २०२२पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाज जगासाठी खुले झाले आणि २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. उरलेला अर्धा नव्या प्रथिनांची रचना करणाऱ्या डेव्हिड बेकर यांना. आमच्या व्यवसायबंधूंना याचा अभिमान वाटतो, आम्हालाही वाटतो. ही प्रणाली शिकली ती मात्र १९७१पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी एका सार्वजनिक कोठारात जमा केलेल्या रचनांवर. त्यांपैकी एकेका रचनेमागे कुणाची तरी वर्षे खर्ची पडली आहेत.

आणि तिच्या मर्यादाही आहेत. ती अंतिम आकार सांगते. साखळी त्या आकाराला कोणत्या वाटेने पोहोचते, ते सांगत नाही. एखादे अक्षर बदलल्याने काय घडेल, हे सांगण्यासाठी ती घडवलेली नव्हती. सहाव्या जागेवरचे व्हॅलिन घडी बिघडवतच नाही. त्यामुळे एकट्या साखळीचा आकार पाहून काकाच्या वेदनेचा माग लागला नसता. त्यासाठी गर्दी पाहावी लागते, प्राणवायू सुटण्याचा क्षण पाहावा लागतो.

प्रथिनांविषयी बुद्धाने काही सांगून ठेवले होते, असा दावा आम्ही करणार नाही. आपल्या ग्रंथात सारे विज्ञान आधीच होते, असे म्हणणाऱ्यांची भारतात वाण नाही. त्यांत आपली भर नको. इतकेच म्हणू, की गोष्टी कारणांवर आणि परिस्थितीवर अवलंबून उत्पन्न होतात, हे प्रतीत्यसमुत्पादाचे सूत्र ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याला 'दोष कुणाचा' याआधी 'कारणे कोणती' हा प्रश्न सुचतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आणि त्याच्यासमोर आनुवंशिकतेचे विज्ञान ठेवले : मूल वारसा घेते तो आपल्या आईवडिलांकडून. आमच्या काकाच्या आजाराला कुणी करणी म्हणाले, कुणी मागच्या जन्मीचे भोग. ते उत्तर तर १९५७मध्येच छापून झाले होते.

गेल्या महिन्यात आईने नागपुरात तपासणी करून घेतली. तिचा अहवाल 'एए' आला. म्हणजे सहाव्या जागेवरचे ते अक्षर आमच्यापर्यंत आले ते बाबांकडून, आणि बाबांकडे आले आजीकडून किंवा आजोबांकडून. पण काका आजारी होता, म्हणजे त्याला ते दोघांकडूनही मिळाले होते. आम्ही हे आईला कागदावर आकृती काढून दाखवले. तिने ती पडद्यावर बराच वेळ पाहिली.

"म्हणजे निम्मं तुझ्या आजोबांचं," ती म्हणाली. "आणि नदीचं काहीच नाही?"

थंड पाण्याने एखाद्या दिवशी कळ वाढली असेल, आम्ही म्हटले. आजार त्याने होत नाही.

"चाळीस वर्षं ती त्या घाटावर गेली नाही," आई म्हणाली. मग तिने आमच्याकडून ती आकृती मागवून घेतली. आत्याला दाखवायची आहे म्हणाली. आत्याची तपासणी अजून व्हायची आहे आणि तिच्या नातवाचे लग्न पुढच्या मार्गशीर्षात ठरते आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.